बरणी रिकामी परत पाठवू नये

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. काचेची, तीन लिटरची. माझ्या खांद्यापाशी तांदळाच्या दाण्याएवढा एक बुडबुडा आहे. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी तो पाहिला, नाक मुरडले आणि मला दुय्यम मालाच्या रांगेत ढकलले. पुढे माझ्याच पोटातून एका राष्ट्राध्यक्षांचा पत्रव्यवहार झाला. त्या बाईंना हे कोणीतरी कळवायला हवे होते, पण कोणी कळवले नाही.

मला जत्रेतून विकत आणले शिन्काबाईंनी. त्या रोडोपी डोंगरातल्या स्मर्चेवो गावच्या. भाज्यांची तुर्शी, म्हणजे आंबट लोणचे, घालण्यात त्यांचा हात धरणारे त्या डोंगरात कोणी नव्हते. फ्लॉवरचे तुरे, गाजराच्या चकत्या, हिरवे टोमॅटो, सेलरीची पाने, आणि वर व्हिनेगरचे पाणी. हे सगळे माझ्यात शिरले, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपला जन्म वाया गेला नाही.

त्यांचा नवरा दाफो हा पक्षाचा जिल्हाध्यक्ष. आवाज असा, की सभेत ध्वनिक्षेपक केवळ शोभेला लावत. त्याचा लष्करातला जिवलग मित्र एव्लोगी. दोघांनी दोन वर्षे एकाच तंबूत काढली होती आणि बटाटे सोलण्याची शिक्षा नेहमी जोडीने भोगली होती. पुढे एव्लोगी खासदार होऊन राजधानीत, सोफियाला गेला. त्याला निवडून आणले ते दाफोने. दाफो हे कोणाला सांगत नसे, म्हणजे दिवसातून चारदाच सांगत असे.

माझे काम ठरलेले होते. सकाळच्या बसने मी तुर्शी भरून सोफियाला जायची. झाकणावरच्या फडक्याखाली दाफोचे पत्र असायचे. चार दिवसांनी मी धुऊनपुसून परत यायची, आणि माझ्यात एव्लोगीचे पत्र असायचे. कारण शिन्काबाईंचा दंडक होता, की बरणी रिकामी परत येता कामा नये. पहिल्या वेळी एव्लोगीने मला नुसतीच परत पाठवली, तेव्हा बाईंनी त्याला फोनवरून असे फैलावर घेतले, की पुढच्या खेपेला माझ्यात पत्र, पाव किलो कॉफी आणि माफीनामा असे तिन्ही आले.

दाफोची पत्रे सल्ल्यांनी भरलेली असत. "एव्लो, तंबाखूवाले नाराज आहेत, त्यांच्याकडे एकदा जेवून ये." "भाषणात इतिहास कमी कर. लोकांच्या नळाला पाणी नाही आणि तू त्यांना राजांची नावं ऐकवतोस!" एव्लोगी उत्तर देई, "दाफो, आज सभागृहात सहा तास भाषणं झाली. सहा तासांत कोणी काहीही बोललं नाही. वहिनींना सांग, या वेळची गाजरं फार छान होती." अशी बारा वर्षे गेली, आणि एव्लोगी राष्ट्राध्यक्ष झाला.

मित्रांनो, मोठेपणाबरोबर जाच येतो. आता राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याच्या दारात माझी झडती होऊ लागली. सुरक्षेसाठी तुर्शीची चव घेणारा एक अधिकारी नेमला गेला. तो कर्तव्याला इतका जागला, की मी साहेबांच्या टेबलावर पोचेपर्यंत अर्धी झालेली असे. त्याचे वजन वाढले आणि त्याला बढतीही मिळाली. दाफोची पत्रे साहेबांच्या खणात जमा होत, त्यामुळे खोलीभर व्हिनेगरचा वास दरवळे. परदेशी राजदूतांना वाटे, हा देशाच्या परंपरेचा भाग असावा.

माझे दिवस सुखाचे चालले होते. मग ती संध्याकाळ आली.

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात होते, भरून, निघायच्या तयारीत. दूरचित्रवाणीवर एव्लोगीचा दौरा दाखवत होते. डॅन्यूब नदीकाठच्या कुठल्याशा गावी जत्रा होती. एका बाईंनी काट्याला तुर्शीतली काकडी टोचून त्याच्यापुढे धरली. एव्लोगीने ती खाल्ली, डोळे मिटले आणि सबंध देशासमक्ष म्हणाला, "देशातली सगळ्यात उत्तम तुर्शी इथली! याच्या तोडीची मी कुठेच खाल्लेली नाही!"

दाफोच्या हातातला राकिया दारूचा पेला खाली गेला. शिन्काबाई मात्र शांतपणे कांदा चिरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गावात दाफोला तोंड दाखवायची सोय उरली नाही. जिल्हाध्यक्षपदाची निवडणूक तीन आठवड्यांवर होती, आणि त्याच्याविरुद्ध उभा होता किरो, औषधांचा दुकानदार. त्याच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. संध्याकाळी दाफो घरी येऊन किरोची नक्कल करत येरझारा घालू लागला.

"म्हणतो कसा, 'दाफोकाका, इतकी वर्षं तुम्ही साहेबांना पाठवत होतात तरी काय? गुरांचं खाद्य?' आणि सगळे हसले! माझ्याच पैशाची पीत होते, आणि हसले!"

"हसू देत. तुर्शी माझी आहे, अपमान झाला तर माझा झालाय. मी रडतेय का?" शिन्काबाई म्हणाल्या.

"तुला राजकारण कळत नाही."

"नाही बाई. मला मीठ कळतं, आणि तुझ्या जखमेवर ते कोणी चोळलंय तेही कळतं."

दाफोने मला उचलले, माझ्यातली तुर्शी परत पिंपात ओतली, मला धुतले, कोरडे पुसले आणि झाकण लावले. पत्र नाही, फडके नाही, गाजराची एक चकतीसुद्धा नाही.

"दाफो," बाई हातातले काम टाकून उठल्या, "रिकामी बरणी वैऱ्याच्या घरीसुद्धा पाठवत नाहीत."

"वैऱ्याच्या घरी नाहीच पाठवत आहे," दाफो म्हणाला. त्याचा तो आवाज मी प्रथमच इतका लहान ऐकला.

बस चालवणाऱ्या पेन्कोने मला हातात घेतले आणि तो दचकला. "काका, काहीतरी विसरलात. हलकी लागतेय."

"विसरलो नाही. जा."

मित्रांनो, पोटात काही नसताना केलेला तो प्रवास मला सगळ्यात जड गेला.

राजवाड्यात माझ्यामुळे खळबळ उडाली. भरलेल्या बरणीची सवय असलेल्या सुरक्षेला रिकामी बरणी फार संशयास्पद वाटली. मला यंत्राखालून काढले, कुत्र्याला हुंगायला दिले. कुत्र्याला माझा वास आवडला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. शेवटी तज्ज्ञांनी अकरा पानी अहवाल दिला. तो घेऊन सचिव देस्पोतोवाबाई साहेबांकडे गेल्या.

"साहेब, काळजीचं कारण नाही. बरणीत काहीही सापडलं नाही."

एव्लोगीचा चेहरा उतरला. "काहीच नाही?"

"काहीच नाही."

"देस्पोतोवाबाई, फार गंभीर प्रकरण आहे हे." त्याने मला दोन्ही हातांनी जवळ ओढले आणि झाकण उघडून आत पाहिले, जणू तज्ज्ञांच्या नजरेतून काही सुटले असावे.

बाईंनी कर्तव्यबुद्धीने एक खुलासा लिहून आणला. त्यात सर्व प्रांतांच्या तुर्शींविषयी शासनाला समान आदर असल्याचे म्हटले होते. एव्लोगीने तो फाडला. मग खणातली जुनी पत्रे काढून तो एकेक वाचू लागला. एका पत्रापाशी थांबला, हसला, आणि बाही सरसावून मला घेऊन थेट मुदपाकखान्यात गेला.

आचाऱ्याने हात जोडले. "साहेब, मी करून देतो."

"तू केलीस तर चांगली होईल. उपयोग नाही तिचा."

आणि मित्रांनो, राष्ट्राध्यक्षांनी स्वतः तुर्शी घातली! गाजरे त्यांनी सरपण फोडल्यासारखी फोडली. फ्लॉवर धुतला नाही. मिठाचे प्रमाण आठवेना, म्हणून आधी एक मूठ घातले, मग भीती वाटून आणखी दोन. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा भयंकर ऐवज माझ्या पोटात कधी पडला नव्हता. पण मी तो सांभाळला. मुरायला अठरा दिवस लागले. रोज सकाळी एव्लोगी येऊन माझ्यावर टिचकी मारून जाई.

मी स्मर्चेवोला पोचले ती नेमकी निवडणुकीच्या दिवशी. बस खानावळीसमोर थांबते आणि पक्षाची सभाही तिथेच भरली होती. पेन्कोने मला सर्वांच्या देखत दाफोपुढे ठेवले. "काका, या वेळी जड आहे."

दाफोने फडके सोडले. खाली दोन कागद होते. पहिला एव्लोगीच्या हातचा. मला तो पाठ आहे, कारण रस्ताभर तो माझ्या डोक्यावर होता.

"दाफो, मी साफ खोटं बोललो. त्या बाईंची काकडी मऊ पडली होती आणि तिला बुरशीचा वास येत होता. पण समोर आठ हजार माणसं होती. सोबत तुझंच एक पत्र परत पाठवतोय, वाच आणि मग शिव्या दे. ही तुर्शी मी माझ्या हातानं घातली आहे. तुझी बरणी रिकामी पाठवायची माझी हिंमत झाली नाही. तुझी झाली, याचं फार वाईट वाटलं."

दुसरा कागद नऊ वर्षांपूर्वीचा, पिवळा पडलेला, अक्षर दाफोचे. "एव्लो, कान उघडून ऐक. ज्या गावी जाशील तिथली तुर्शी देशात पहिली म्हणायची. घास घशाखाली उतरत नसला तरी म्हणायची. लोक रस्ता विसरतील, शाळा विसरतील, हे विसरणार नाहीत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ! दाफोने ते वाचले आणि त्याचे कान लाल झाले.

"काय लिहिलंय साहेबांनी?" किरो ओरडला. "वाचा की मोठ्यानं! नाहीतरी तुमचा आवाज मोठाच आहे."

सगळी खानावळ हसली. मित्रांनो, माझी काच थंड पडली. ते पहिले पत्र दाफोने नुसते वाचून दाखवले असते, तर निवडणूक त्याच्या खिशात होती. पण संध्याकाळपर्यंत ते डॅन्यूबपर्यंत पोचले असते, आणि खोटारडा राष्ट्राध्यक्ष म्हणून देशभर एव्लोगीची छी-थू झाली असती. दाफोने एकदा किरोकडे पाहिले, एकदा कागदाकडे. मग कागदांची घडी घालून ती आतल्या खिशात ठेवली.

"तुर्शी पाठवलीय," तो म्हणाला. "बाकी घरगुती आहे."

"मग चाखून तर सांगा, कशी झालीय?"

दाफोने गाजराचा एक ओंडका उचलून तोंडात टाकला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. मिठाने आले की कशाने, ते मी सांगू शकत नाही. तो चावत राहिला, मग घास गिळून म्हणाला, "उत्तम."

तो चार मतांनी हरला.

घरी येऊन त्याने शिन्काबाईंना दोन्ही पत्रे दाखवली. बाई इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीवर बसावे लागले. मग त्यांनी एव्लोगीची तुर्शी चाखली आणि हसू थांबले. "हे कोंबड्यांना घालते."

"हात लावशील तर खबरदार," दाफो म्हणाला. त्याने ती बरणीभर तुर्शी एकट्याने संपवली. दोन महिने लागले. तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा काठोकाठ भरून सोफियाला निघाले, आणि पेन्को वाटभर शीळ घालत होता.

आज दाफो आणि एव्लोगी दोघेही नाहीत. त्यांची पत्रे सरकारी दप्तरात गेली. तिथे म्हणे त्यांना वेगळी खोली दिली आहे, वासामुळे. मला गावच्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात ठेवले. गळ्यात चिठ्ठी अडकवली, 'रिकामी बरणी, काच, सदोष'. वर्षानुवर्षे माझ्यावर धूळ बसली. शाळेची मुले येत, माझ्याकडे न पाहता पुढच्या बंदुकीपाशी धावत. सदोष म्हटल्याचे मला काही वाटले नाही. रिकामी म्हटल्याचे वाटले.

गेल्या शरदात काठी टेकत शिन्काबाई आल्या. रखवालदार खुर्चीत पेंगत होता. त्यांनी ती चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "इतकी वर्षं! कुणाला काही रीतच नाही," असे पुटपुटत त्यांनी आपल्या रुमालाने मला पुसले, झाकण काढले, पिशवीतून दाफोच्या आतल्या खिशातले ते घडी घातलेले दोन कागद काढून आत सोडले आणि झाकण घट्ट लावून निघून गेल्या. दप्तरातले तज्ज्ञ ती दोन पत्रे शोधत आहेत की नाही, ठाऊक नाही. गळ्यातली चिठ्ठी अजून तीच आहे.

मित्रांनो, तुमच्याही फडताळात कोणाची तरी बरणी पडून असेल. ती धुवा, नीट पुसा आणि परत करा, पण रिकामी पाठवू नका. आणि जिची ती आहे तिच्याशी भांडण झाले असेल, तर आजच नेऊन द्या.