नदीची ओटी

"पुनम, पाणी पायरीला लागलं का गं?" तारामतीनं आतूनच विचारलं.

"दोन पायऱ्या बुडाल्या, आत्या. चला आता. टेम्पो थांबून राहिलाय," सून बाहेरून म्हणाली.

वरच्या धरणाची दारं सकाळीच उघडली होती. नांदेडातली ही खालची गल्ली तेव्हापासून रिकामी होत होती. तारामती मात्र स्वप्नात असल्यासारखी ओटीचं ताट पुसत बसली होती. जन्मभर घाटावर फुटाणे विकलेल्या या बाईचा गोदावरीवर भारी जीव. पूर दारात आला की म्हणायची, लेक माहेरी आलीय. मग ती नदीची ओटी भरायची. ओटी भरली की लेक सासरी परतणार, इतकं साधं. पाणी आजवर परतलंही होतं. न परतून जातंय कुठं, असं म्हणून तिचा मुलगा शिवम चिडवायचा.

यंदा तिचा नवरा श्रीमंत वारला आणि तारामतीच्या हातची ओटीही गेली. विधवेनं ओटी भरायची नाही. हा नियम तिनंच गल्लीत डोळे वटारून पाळायला लावला होता. आता तो तिच्याच गळ्यात आला होता.

तिनं ताट पुनमपुढं केलं. "तू भर. न्हाईतर ती जायची न्हाई. घर जाईल."

"लेक तुमची हाय, आत्या. तुमीच भरा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक टेम्पोत बसलेत."

तारामतीला हसू आलं आणि डोळेही भरले. ती पायरी उतरली. गढूळ पाणी अगदी सावकाश, झोपेत चालल्यासारखं येत होतं. कुणाची तरी खुर्ची त्यावर ऐटीत निघाली होती. तिनं खण, नारळ, मूठभर तांदूळ सोडले. खण जरा पुढं गेला. नारळ मात्र अंगणात फिरला आणि चढत्या पाण्याबरोबर उंबऱ्यावरून हळूच घरात शिरला.

तारामती त्याच्याकडं बघत राहिली.

"यंदा राहायलाच आलीय गं ती," ती म्हणाली.

शिवम कुलूप घेऊन आला.

"ऱ्हाऊ दे. लेक आत हाय," तारामतीनं त्याला अडवलं.

पुनमनं ताटातले उरलेले तांदूळ उचलले आणि सासूच्या पदरात घातले. माहेरून निघणारीची ओटी भरतात. तारामतीनं पदर मागं घेतला नाही.

टेम्पो चढाला लागला. गल्ली मागं पडली. खड्ड्याखड्ड्याला हिसके बसत होते, आणि तारामती पदर दोन्ही हातांनी धरून बसली होती.