न गळणाऱ्या कूलरमधलं वांगं

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो, पण हल्ली माझ्या पोटात वांगं आहे.

पुलगावच्या हिरालाल पत्रेवाल्याने मला घडवलं. त्याला अभिमान एकाच गोष्टीचा होता: त्याचं काम गळत नाही. पाणी काढायला टाकीला बूच ठेव, असं गिऱ्हाइकाने म्हटलं की तो दुखावायचा. "बूच म्हणजे गळतीले आवतन," म्हणायचा. त्याने माझ्या टाकीला आतून तीन हात रंग दिला आणि मला प्रेमदास-कमलाबाईंच्या खिडकीत बसवलं.

सतरा उन्हाळे मी थरथरलो. रोज संध्याकाळी सहाला प्रेमदास पाइप लावून मला काठोकाठ भरायचे. पाहुणे माझ्यासमोर घोरायचे आणि उठून माझं कौतुक करायचे. मग माझी मोटार जळली. पंखा भंगारात गेला, खिडकीत प्लास्टिकचा नवा कूलर आला आणि मी माझ्या स्टँडसकट परसात आलो. आयुष्यभर थरथरलेल्याला नुसतं उभं राहणं जमत नाही. मांजर अंगावर बसलं तरी मला वाटायचं, चालू झालो.

पावसाळा सरता सरता कमलाबाईंनी माझ्या टाकीत माती आणि शेणखत भरलं. आष्टीकडच्या माहेरचं काटेरी वांग्याचं बी त्यांनी पुरचुंडीत जपून ठेवलं होतं. आई गेली, तिकडे ते वांगं आता कोणी लावत नाही. चिमूटभर बी होतं, त्यातलं एकच रोप उगवलं. ते मेलं की ते वांगं संपलं.

दीड महिन्यात रोपाची पानं पिवळी पडली. कमलाबाईंनी राख भुरभुरली, कडुनिंबाचं पाणी फवारलं. पानांवरची पांढरी माशी गेली, पिवळेपणा राहिला.

"तहान लागली असन त्याले," प्रेमदास म्हणाले आणि रोजच्यासारखंच सहा वाजता त्यांनी मला काठोकाठ भरलं.

मित्रांनो, माणूस चांगला, पण हाताला सतरा वर्षांची सवय. काठाला पाणी लागल्याशिवाय पाइप खाली ठेवायचा नाही. इकडे माझ्या पोटात मुळं कुजत होती आणि एक थेंब बाहेर जायला वाट नव्हती. ज्या गुणासाठी माझी वाहवा झाली, तोच गुण रोपाच्या जिवावर उठला. मी गंजायचा प्रयत्न केला. फार मनापासून केला. पण तीन हात रंग होता.

शेवटी बेडूक आला. वांग्याच्या बुडाशी बसला, आणि घर आवडल्यासारखा ओरडू लागला.

कमलाबाईंनी त्याला पाहिलं, मातीत बोट घातलं, वास घेतला आणि तडक हिरालालला बोलावून आणलं.

"जयभीम, वहिनी. काय झालं? गळून राह्यला का?"

"गळत नाई, हेच तं झालं. भोकं पाडा."

हिरालालने मला वरून खाली पाहिलं. "माह्या कामाले मीच भोकं पाडू?"

"वांग्यात बेडूक राहून राह्यला, भाऊ. ते डबकं नाई, माह्या मायचं वांगं हाय."

हिरालालने पिशवीतून हातोडी काढली. मग त्याने खिळा माझ्या बुडाला टेकवला, डोळे मिटले आणि हातोडी मारली. पाच वेळा. काळं, घाण वासाचं पाणी भळाभळा वाहिलं. बेडूक आमच्याकडे रागाने बघत निघून गेला.

आठवडाभर रोपाने काहीच केलं नाही. मला दम निघेना. दहाव्या दिवशी शेंड्याला एक हिरवं पान आलं, माघात वांगी लागली. पहिलं वांगं प्रेमदासांना भरतासाठी हवं होतं. कमलाबाईंनी त्याला लाल चिंधी बांधली आणि ते बियाण्यासाठी झाडावरच पिकू दिलं.

मित्रांनो, कुंडी असो, डबा असो की कूलर, बुडाला भोक ठेवा. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून पाहा. माया करायलाही आधी विचारावं लागतं. प्रेमदास अजून सहा वाजता मला काठोकाठ भरतात. ते पाणी माझ्यातून झिरपतं आणि खाली लावलेला पुदिना माजतो.

हिरालाल येता-जाता लोकांना मला दाखवतो. "भोकं पाहा," म्हणतो. "पाचही माह्याच हातची. एकबी बुजत नाई."