लोकरीखालचा लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. वय विचाराल तर नऊ वर्षांचे. तुमच्यात हे खेळायचे वय, आमच्यात म्हातारपण. माझी बिजागरी करकरते, चार कळांवरची अक्षरे पुसली गेली आहेत आणि बॅटरी तासाभरात मान टाकते. सर्बियातल्या पिरोत गावात स्लावकाच्या हातमागाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. मला कुणाची तक्रार करायची नाही. पण माझ्याकडे ठेवायला दिलेली एक गोष्ट माझ्याकडून हरवली. ती कशी हरवली, तेवढे तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म दूरच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे लख्ख उजेड होता आणि धुळीचा कणही नव्हता, याहून जास्त मला आठवत नाही. मला विकत घेतले दुन्याने. ती ऑस्ट्रियात परिचारिका आहे. ईस्टरला घरी येताना तिने मला आईसाठी आणले. आई म्हणजे स्लावका. तिचे सारे आयुष्य किलीम विणण्यात गेले. किलीम म्हणजे आमच्याकडचा लोकरी गालिचा, दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा. दुन्याने मला टेबलावर ठेवले आणि आईला समोर बसवले.

"आई, नीट ऐक. याला मऊ कापडावर ठेवायचं नाही. ही बाजूची जाळी दिसते ना, इथून याचा श्वास चालतो. ती मोकळी ठेवायची आणि महिन्यातून एकदा ब्रशने झाडायची. काम संपलं की रीतसर बंद करायचा, नुसतं झाकण पाडायचं नाही. आणि जे काय करशील त्याची एक प्रत दर रविवारी या पेन ड्राइव्हवर घ्यायची. हे बघ, सगळं कागदावर लिहून दिलंय."

"तुला वाढवलं ते काही कागद वाचून नाही," स्लावका म्हणाली.

"मी रडून सांगत होते ना. याला रडता येत नाही."

दुन्या परत गेली. स्लावकाने तो कागद चार घड्या घालून काचेच्या कपाटात ठेवला. पेन ड्राइव्हही तिथेच गेला, लग्नात आलेल्या सोनेरी काठांच्या कपांशेजारी. त्या कपांतून अजून कुणी कॉफी प्यायलेले नाही. आमच्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते. माझ्या पडद्यावरचा पातळ कागदही तिने तीन वर्षे काढू दिला नाही. नवेपण टिकते म्हणे. माझी हेळसांड झाली असे मी म्हणू शकत नाही. तिने मला जिवापाड जपले, फक्त किलीम जपतात तसे जपले.

माझे खरे काम पेर्सिदामावशीमुळे सुरू झाले. ती नव्वदीच्या पुढची, गावातली सर्वांत जुनी विणकर. तिच्या आईची एक नक्षी होती. काठाला चढत्या पट्ट्या, मग गळासारख्या वाकड्या, लहान लहान आकड्यांच्या रांगा, आणि मधोमध एक मोठे कासव. ती नक्षी विणलेला एकुलता एक किलीम युद्धाच्या काळात घराबरोबर जळाला. कागदावर ती कधी उतरलीच नव्हती. पेर्सिदामावशीचे डोळे गेले होते, बोटे वाकली होती, पण दोऱ्यांचे सगळे आकडे तिच्या तोंडी होते. ती गेली की नक्षीही जाणार, हे स्लावकाला दिसत होते. तिने माझ्या पडद्यावर चौकटी आखल्या. मावशी रोज दुपारी कॉफीला यायची, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायची आणि आकडे सांगायची. स्लावका एकेक चौकट रंगवायची.

"तांबडे सात, काळे दोन, पुन्हा तांबडे सात. झालं का गं?"

"थांबा मावशी. तुमची जीभ हरणासारखी धावते."

"जीभच राहिलीय धावायला. बाकी सगळं बसलंय."

"मग आज कासव सांगा ना."

"काठ आधी, पोट शेवटी. माझ्या आईने मला तसंच दिलं. तुला काय घाई पडलीय?"

ते माझे सुखाचे दिवस होते. शेजारपाजारच्या विणकर बाया यायच्या, पडद्यावर उमटलेले काठ बघायच्या आणि तोंडात बोट घालायच्या. पेर्सिदामावशी माझ्या झाकणावर हात फिरवून म्हणायची, "हा माझ्यापेक्षा बरा. हा विसरायचा नाही." खोटे कशाला बोलू, मला फार अभिमान वाटायचा.

मित्रांनो, मी काम करतो तेव्हा तापतो, आणि आतला छोटा पंखा ती गरम हवा बाहेर टाकतो. मावशीची खुर्ची नेमकी त्या बाजूला होती. आणि आमच्या गावात लोक एक वेळ लांडग्याला भिणार नाहीत, पण वाऱ्याच्या झोताला भितात. समोरासमोरच्या दोन खिडक्या इथे कुणी एकदम उघडत नाही. मान धरली, कंबर धरली, कान दुखला, सगळ्याला कारण तो झोतच.

"हे तुझं यंत्र माझ्या कमरेवर वारा सोडतंय," एक दिवस मावशी म्हणाली. "कासव हवं असेल तर आधी याचं तोंड बंद कर."

स्लावकाने खुर्ची सरकवून पाहिली, पण ती दुसऱ्या बाजूला नेली की मावशीचे आकडे तिला ऐकू येईनात. मग तिने एक लोकरी आसन घडी करून माझ्या जाळीला टेकवले आणि उरलेले पाठीवरून ओढून घेतले. वारा थांबला. मावशी खुशीत आली. स्लावकाने म्हातारीच्या मायेपोटीच ते केले होते, म्हणून मला तिचा राग येत नाही. पण त्या दिवसापासून माझा श्वास कोंडला.

त्यातून ती मागाची खोली. हवेत सतत लोकरीचे तंतू. ते पंख्यात जाऊन बसले. मी घरघरू लागलो. मला तेवढेच बोलता येते. मग मी काम करता करता अचानक विझू लागलो. "दमला बिचारा," असे म्हणून स्लावका माझ्यावर आणखी एक पांघरूण घालायची आणि कॉफी करायला उठायची. परत आली की पुन्हा सुरू करायची. असा प्रत्येक वेळी मध्येच विझताना माझ्या पोटातल्या, सगळे साठवून ठेवणाऱ्या तबकडीला इजा होत होती, पण ते बाहेरून दिसत नाही.

नोव्हेंबरअखेर मावशीने कासव सांगायला घेतले. नऊ दुपारी लागल्या. शेवटची चौकट भरली तेव्हा तिने चाचपून माझ्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाली, "आता मी रिकामी झाले." स्लावकाने तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्या संध्याकाळी ती काचेच्या कपाटापाशी उभी राहिली, पेन ड्राइव्हकडे तिने पाहिलेही. मग पाहुणे आले, आणि रविवारी करू, असे म्हणून प्रत घ्यायची राहिली. पुढे कितीतरी रविवार गेले.

जानेवारीत पेर्सिदामावशी झोपेतच गेली. चाळिसाव्या दिवशी तिच्या माहेरची माणसे जेवायला आली. रिवाजाप्रमाणे तिच्या नावाने उकडलेले गोड गहू वाटून झाले, आणि स्लावकाने त्यांना नक्षी दाखवायला मला उघडले. खोलीत शेगडी पेटलेली, माझ्या पाठीवर लोकर. काठ दिसले, आकड्यांच्या रांगा दिसल्या. कासव उघडता उघडता माझ्या आत काहीतरी खरवडल्याचा आवाज झाला आणि पडदा काळा पडला. त्यानंतर मी उठलो नाही.

दुरुस्तीवाल्या ओग्न्यनने मला उघडले आणि चिमट्याने करड्या लोकरीचा मूठभर गोळा बाहेर काढला.

"काकू, हा लॅपटॉप आहे की उशी?"

स्लावका हसली नाही. "त्यातलं सगळं मिळेल ना?"

तो चार दिवस खपला. पाचव्या दिवशी त्याने तिला खुर्ची दिली. "काठ मिळाले. मधल्या रांगा मिळाल्या. शेवटी शेवटी जे केलं होतं, ते तबकडीवरच खरवडलं गेलंय. दुसरीकडे कुठे प्रत आहे का?"

"कपाटात पेन ड्राइव्ह आहे."

"मग प्रश्नच मिटला."

"कोरा आहे तो," स्लावका म्हणाली. मग तिने ओढणीत तोंड लपवले आणि ती रडली.

तिने कासव आठवून पाहिले. आकडे ऐकायचे आणि रंग भरायचे एवढेच ती तेव्हा करत होती, लक्षात ठेवायचे काम तिने माझ्यावर सोपवले होते. चौथ्या ओळीनंतर दरवेळी चुकायचे. अंदाजाने भर, असे बायांनी सुचवले, पण तिने ऐकले नाही. त्या वर्षी तिने तो किलीम विणला. काठ, रांगा, सगळे मावशीच्या शब्दाप्रमाणे, आणि मधोमध नुसता तांबडा रंग.

ओग्न्यनने मला नवी तबकडी बसवली. आता स्लावका दर शनिवारी माझी जाळी झाडते आणि मला लाकडी फळीवर ठेवते. प्रती दोन घेते, त्यांतली एक दुन्याकडे जाते. पण मित्रांनो, माझी काळजी घेण्यात अवघड असे काहीच नव्हते. एक ब्रश, थोडी मोकळी हवा, रविवारची पाच मिनिटे. तुमच्या घरी माझा एखादा नवा भाऊबंद येईल. त्याला पांघरूण घालू नका, त्याला श्वास घेऊ द्या. तो घरघरला तर थांबून पाहा. आणि जे पुन्हा मिळणार नाही, ते त्याच्या एकट्याच्या भरवशावर ठेवू नका.

किलीम बघायला माणसे येतात आणि मध्ये काय होते, असे विचारतात. स्लावका नकळत माझ्याकडे बघते. मीही आत पुष्कळ शोधले आहे. काठ आठवतात, तांबडे सात, काळे दोन, पुन्हा तांबडे सात. कासव मला आठवत नाही.