तेलाचा काटा

दुपारचं जेवण झालं की याग्वारोन गाव असं झोपतं की भर बाजारातून कुणी चर्च उचलून नेलं तरी संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही. कुत्री ओट्याखाली जातात, कोंबड्या मातीत खड्डे करून बसतात, आणि लाल रस्त्यावर ऊन एकटंच फिरतं. या वेळी बाहेर जायचं नाही, सोनेरी केसांचा यासी यातेरे शीळ घालून ओढून नेतो, असं इथल्या प्रत्येक आईनं प्रत्येक पोराला सांगितलेलं असतं. सिरिलोनं लहानपणी ती शीळ ऐकली होती, निदान त्याचं म्हणणं तसं होतं. आता मात्र यासी यातेरेनं कानाशी येऊन शीळ घातली असती तरी म्हाताऱ्यानं त्याला माशी समजून हाकललं असतं.

तो बायकोशेजारी डोळे मिटून पडला होता. एवारिस्ता झोपली की नाही हे पूर्वी तिच्या श्वासावरून कळायचं. आता त्यानं एक डोळा किलकिला करून तिच्या पोटाकडे पाहिलं. पोट संथपणे वरखाली होत होतं. तो हळूच उठला, चपला हातात घेतल्या आणि मागच्या दारानं आंब्याखाली आला. तिथं त्याची जुनी निळी बीटल गाडी उभी होती, मागच्या बाजूला इंजिन असलेली.

कान एकदम गेले नव्हते. पाहुणे उठून जातात तसे आवाज एकेक करून गेले. आधी रातकिडे गेले, मग चहाच्या किटलीची शिट्टी, मग चर्चची लहान घंटा. सिरिलोनं कुणाचीच चौकशी केली नाही. पण गेल्या उन्हाळ्यात गॅरेजवाला कार्लितो म्हणाला, "डॉन सिरिलो, व्हॉल्व्ह किती खडखडतायत, ऐकू येत नाही का?" आणि सिरिलो म्हणाला, "येतं की." घरी येताना त्यानं काचा खाली करून, श्वास रोखून ऐकलं. मागून नुसती गरम हवा आल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तो खरा घाबरला.

कारण हा माणूस म्हणजे साधासुधा ड्रायव्हर नव्हता. कापसाचे ट्रक चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि पाराग्वारीपर्यंतचे लोक गाडी बिघडली की आधी त्याच्याकडे आणायचे. तो डोळे मिटून इंजिनाजवळ उभा राहायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या नंबरचं बेअरिंग." डॅशबोर्डवरचे दिवे कधीच उडाले होते, त्यानं बदलले नाहीत. मीटर लावणाऱ्यांची तर तो भर चौकात थट्टा करायचा. "देवानं कान दिले नाहीत त्यांच्यासाठी दुकानदारानं काटे केले," असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं. बोलणाऱ्याची जीभ त्याच्याच गळ्यात कशी येते पाहा.

गाडी गेली तर काय राहणार, हा त्याचा खरा प्रश्न होता. मुलगी निमिया दूर एन्कार्नासिओन शहरात राहायची आणि मागच्या भेटीत तिनं सरळ सांगितलं होतं, "पपा, ज्या दिवशी कान जातील त्या दिवशी चावी माझ्याकडे." एवारिस्ताला कळलं की निमियाला कळणार, आणि निमियाला कळलं की निळी गाडी कुणातरी परक्याच्या अंगणात जाणार. पण न सांगता चालवायची तरी कशी? भर रस्त्यात तेलाचा दाब उतरला, आपल्याला ऐकू आलं नाही, आणि शेजारी एवारिस्ता बसलेली असली तर? या विचारानं त्याची झोप उडायची. म्हणून त्यानं कार्लितोकडून, "भाच्यासाठी हवंय" अशी थाप मारून, तेलाच्या दाबाचं मीटर मागवलं आणि मांडिओकाच्या कंदांच्या पोत्यात लपवून ठेवलं. आज त्याला मुहूर्त मिळाला होता.

गाडीचं मागचं झाकण उघडून तो गुडघ्यावर बसला. इंजिनाच्या डाव्या कुशीत तेलाच्या दिव्याचं जुनं बटण होतं, ते पान्यानं सोडवलं. काळं तेल बोटांवर ओघळलं, कोमट, ओळखीचं. त्याच्या जागी नवं, डबीएवढं सेन्सर बसवायचं होतं. गळती नको म्हणून त्यानं आट्यांवर नळवाल्यांची पांढरी टेप गुंडाळली. एक वेढा पुरे होता, पण सिरिलोनं लहान पोराला थंडीत मफलर बांधावा तशी ती बांधली आणि घट्ट पिळलं. मग वायर मागच्या सीटखालून, दाराच्या उंबऱ्याशी चटईखाली दडवत पुढे आणली. मीटर डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगच्या आड, स्वतःच्या डाव्या गुडघ्यापाशी पत्र्याच्या पट्टीनं कसलं. शेजारी बसणाऱ्याला दिसू नये अशीच जागा त्यानं शोधली होती.

सगळं होईपर्यंत तो घामानं निथळला. सीटवर बसून त्यानं चावी फिरवली. गाडी थरथरली, आणि काटा टणकन उठून पार शेवटाला जाऊन टेकला.

सिरिलोचे डोळे भरून आले. एवढा दाब. या म्हाताऱ्या गाडीच्या पोटात अजून तरणा जोर आहे. कानामागून आलेलं हे मीटर एका क्षणात तिखट झालं होतं. त्यानं मान मागे टेकवली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि काट्याकडे बघत राहिला.

आणि मग त्याला ऐकू आलं. आधी लांबून, मग पाठीमागून, अगदी पूर्वीसारखं. इंजिनाची ती कोरडी, गोल घरघर. तिच्या आत व्हॉल्व्हची बारीक टिकटिक. आंब्याची सावली काचेवरून सरकली तसा रस्ता सरकू लागला. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. पाराग्वारीच्या स्टेशनाबाहेर हिरव्या झग्यातली एवारिस्ता डोक्यावर चिपा पावांची टोपली घेऊन उभी होती, आणि तो ट्रकची काच खाली करून विचारत होता, "गरम आहेत का?" ती म्हणत होती, "तुझ्यापेक्षा कमी." तिचा आवाज, टोपलीवरच्या फडक्याची फडफड, पुलाखालचं पाणी, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. हाताखाली स्टिअरिंग थरथरत होतं. वाऱ्याला बडीशेपेचा वास होता. तो हसत होता.

खांद्यावर हात पडला. एवारिस्ता खिडकीशी उभी होती, हातात बर्फ घातलेल्या तेरेरे चहाची सुरई. तिचे ओठ हलले.

"बघ कशी चालतेय!" सिरिलो इंजिनाच्या वरताण आवाजात ओरडला. पलीकडच्या अंगणातला कुत्रा दचकून उठला.

एवारिस्ता पुन्हा काही बोलली. त्यानं हल्ली सगळ्यालाच डोलवायचा तशी मान डोलावली. तिनं सुरई टपावर ठेवली, दार उघडलं, त्याला मनगटाला धरून बाहेर काढलं आणि गाडीच्या मागे नेऊन त्याचा तळवा इंजिनावर ठेवला. इंजिन निपचित होतं. नुसतं ऊन लागल्यासारखं कोमट.

ती त्याच्यासमोर आली आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "बंद आहे, म्हाताऱ्या. केव्हाची. मी दोरीवरचे कपडे काढत होते, तेव्हा ही खोकली आणि मेली. तू आपला हसत बसलायस."

"मीच बंद केली."

एवारिस्तानं खिडकीतून आत पाहिलं. चावी फिरवलेलीच होती, आणि काटा अजून शेवटाला टेकून मजेत बसला होता. सिरिलोनं आपले हात पाहिले. ते अजून थरथरत होते, पण ते हल्ली बिनइंजिनाचेही थरथरायचे.

तो मागच्या बंपरवर बसला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली की मातीत खड्डा करून बसलेल्या कोंबडीचाही त्याला हेवा वाटला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"शेजारच्या कोंबड्याला शिव्या द्यायचं तू सोडलंस ना, तेव्हापासून."

"म्हणजे वर्ष झालं."

"जास्तच. गाडीत मी काय काय बोलते, तू सगळ्याला हो म्हणतोस. तुझा तपकिरी कोट मी माझ्या भावाला दिला म्हणाले, तरी हो म्हणालास."

"दिलास?"

"दिला की. तू हो म्हणालास ना." ती तोंड त्याच्याकडे करून शेजारी टेकली. "आणि तुला काय वाटतं, मी प्रत्येक वेळी हवा खायला येते तुझ्याबरोबर? मागून ट्रक हॉर्न मारतो तेव्हा तुझा गुडघा कोण दाबतं?"

सिरिलोला ते दाबणं आठवलं. म्हातारपणी बायको मायेला आली, असं तो समजून चालला होता. मनातल्या मनात मिशीला पीळही भरला होता. आता त्याला हसावं की रडावं कळेना. मग त्याच्या लक्षात आलं की आपलं फारसं चुकलं नव्हतं.

"निमियाला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करू? तुझी चावी गेली की मीही घरात बसले." तिनं पदराच्या टोकासारखी ॲप्रनची कड बोटाला गुंडाळली. "मलाही भीती वाटते रे. हॉर्न कळतो, अँब्युलन्स कळते. पण हिच्या पोटात काय चाललंय ते मला कुठं कळतं? ते तुझं खातं होतं."

सुरईतला शेवटचा बर्फ वितळला. मग सिरिलोची मान हळूहळू काट्याकडे वळली. लाज एका जागी आणि कारागीर दुसऱ्या जागी असतो. इंजिन मेलेलं आणि काटा शेवटाला, म्हणजे काय? त्यानं कपाळावर हात मारला. "टेप! अगं, सेन्सरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. मी त्याला टेपची गोधडी पांघरली, अर्थिंग तुटलं, आणि काटा पिसाळला."

"म्हणजे मीटर बहिरं झालं," एवारिस्ता म्हणाली.

तिनं हे त्याच्याकडे तोंड करून म्हटलं होतं, म्हणून त्याला नीट कळलं, आणि तो पोट धरून हसला.

सेन्सर काढलं, टेप खरवडून फेकली, आट्या पुसून पुन्हा कसलं. या वेळी चावी एवारिस्तानं फिरवली आणि सिरिलो गळती बघायला मागे वाकला. काटा कुठवर गेला ते दाखवायला पुढून तिचा हात खिडकीबाहेर आला आणि वर वर गेला, मग खांद्याच्या उंचीवर येऊन थांबला. सिरिलोनं तळवा इंजिनावर ठेवला. इंजिन खरोखर धडधडत होतं. तेलाचा एक थेंबही बाहेर आला नाही.

मग त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला, गुडघ्यापाशी दडवलेलं मीटर सोडवलं आणि डॅशबोर्डच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या नाकासमोर बसवलं. "गाडी गार असताना काटा इथं राहील. तापून उभी राहिली की इथवर उतरेल, तेव्हा घाबरायचं नाही. पण पळताना याच्या खाली गेला तर लगेच सांगायचं."

"कसं सांगू? ओरडून?"

"मार मला."

"ते मला जमेल."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. "आणि तू शेजारी नसशील त्या दिवशी मी चावीला हात लावणार नाही. हे निमियाला तूच सांग. सगळंच सांग."

एवारिस्तानं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं नाक पुसलं आणि सुरई मांडीत घेतली. "चल मग. बर्फ संपलाय."

गाव अजून उठलं नव्हतं. निळी बीटल लाल रस्त्यावर आली, चर्चला वळसा घालून चढ चढू लागली. सिरिलो रस्ता पाहत होता आणि एवारिस्ता काटा पाहत होती, दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे पाहावं तशी. चढाच्या माथ्यावर त्याला तिचे ओठ हलताना दिसले. सवयीनं त्याची मान डोलायला निघाली होती. ती त्यानं अर्ध्यावर थांबवली, गाडी बाजूच्या सावलीत घेतली आणि विचारलं, "काय म्हणालीस?"

एवारिस्तानं काट्यावरची नजर काढली, तोंड त्याच्याकडे वळवलं, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला सुरुवात केली.