तिफणीची तिसरी बाजू

भूमिती शिकवताना मला राग येतो, हे वरवट बकाल गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आकृतीत दोन बाजू सारख्या दिसल्या की पोरं ‘सारख्या आहेत’ असं लिहून मोकळी व्हायची आणि माझं डोकं फिरायचं. ‘दिसतं म्हणजे सिद्ध होत नाही’ हे मी इतक्यांदा ओरडलो होतो, की आमचा शिपाई दयाराम चहात साखर आहे की नाही यावरूनसुद्धा तेच म्हणायचा.

साल सहासष्ट. मॅट्रिकच्या वर्गात एकच मुलगी होती, कोकिळा. कडूबा सुताराची लेक. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. तिच्यावर ओरडायची वेळ तिनं माझ्यावर कधी आणली नाही. खरं सांगायचं तर तिच्या वह्या तपासताना मला थोडं चुकल्याचुकल्यासारखंच व्हायचं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“सर, उद्या आमच्या घरी येऊन मले रागवाल का?”

मी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. तिनं वही उघडून पुढं सरकवली. पानावर तिफणीची आकृती होती. तिफण म्हणजे पेरणीचं औजार. आडव्या लाकडाला सारख्या अंतरावर जमिनीत घुसणारे तीन फण, प्रत्येक फणातून वर आलेली बांबूची पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर जिथं एकत्र येतात तिथं लाकडी वाटीसारखं चाडं. मागून चालणारी बाई चाड्यात मुठीनं बी सोडते आणि ते तिन्ही नळ्यांतून सारखं वाटून जमिनीत पडतं.

मृगात भगवानरावांच्या शेतात ते सारखं पडलं नव्हतं. डावीकडची ओळ दाट उगवली, उजवीकडची विरळ. तिफण कडूबानं केलेली. त्यानं दोष दिला तो मनकर्णाबाईच्या मुठीला. ती बाई पंचवीस वर्षं पेरत आलेली. तेव्हापासून ती कडूबाशी बोलत नव्हती. आता रब्बीसाठी भगवानरावांनी त्याला आणखी एक तिफण सांगितली होती, हीही बिघडली तर पुढचं काम सोनाळ्याच्या सुताराला, असं बजावून. ती तयार होती आणि सोमवारी त्यांचा गडी ती न्यायला येणार होता.

“हेबी बिघडली हाय,” कोकिळा म्हणाली. “बा आंघोळीले गेला तवा मीनं मापली. दोन्हीकडचे फण मधल्यापासून सारख्या अंतरावर. मधली नळी दोन्ही त्रिकोनात सामाईक. पन उजवी नळी डावीपक्षा लांब हाय.”

“मग?”

“मंग मधल्या नळीच्या बुडाशी उजवीकडचा कोन मोठा, डावीकडचा लहान. चाडं डावीकडं कलते. दाने तिकडंच जास्त जातीन.”

तिसरी बाजू मोठी तर तिच्यासमोरचा कोन मोठा. मी आठवडाभर घसा कोरडा करून जे शिकवलं होतं ते हिनं अंगणात बसून लावलं होतं. मी मनातल्या मनात तिला दहापैकी दहा दिले आणि म्हणालो, “मग सांग की वडिलांना.”

ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. “त्याच्या डोयात मोतीबिंदू उतरून राह्यला, सर. बाकी सारं तो दोरीनं मापते, पन बाजूच्या दोन नळ्या नजरेनं कापते. एक डोया मिटून. त्याच्या बापाची तेच रीत होती. मीनं नळी लांब हाय म्हनलं तं तुया डोया गेला असंच सांगतल्यासारखं होईन. त्यानं सोताच मापलं पाह्यजे.”

तिचा बेत साधा होता. तिनं बापासमोर चुकीचं उत्तर द्यायचं, मी तिच्यावर ओरडायचं. लेकीला कोणी बोललेलं कडूबाला खपत नाही. तिचं खरं करायला तो दोरी घेऊन उठणारच.

“राग असा मागणीवर येत नसतो,” मी जरा गुश्शातच म्हणालो.

“तुमाले येते,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी मी गेलो. अंगणात लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवून ठेवलेली नवी तिफण. कडूबानं मला बाज टाकून दिली, चहा पाजला आणि पुन्हा रंधा मारायला बसला. कोकिळा वही घेऊन तिफणीजवळ उभी राहिली.

“सर, हे दोन त्रिकोन एकरूप हायेत.”

“कशावरून?”

“दोन बाजू सारख्या हायेत. अन् तिसरीबी सारखीच दिसते.”

आता मी ओरडायचं होतं. पण समोर मान खाली घालून ती उभी, तिला सगळं येतंय हे मला ठाऊक, आणि माझ्या तोंडातून आलं ते असं: “असं म्हणू नये बाळ.” जन्मात कुठल्या विद्यार्थ्याला मी बाळ म्हटलं नव्हतं. कोकिळानं वर बघून डोळे वटारले. सोमवार तोंडावर होता. मी तिच्या हातातली वही ओढली आणि जमिनीवर आपटली.

“दिसतं म्हणजे सिद्ध होतं का? मॅट्रिकला बसायची लायकी नाही तुझी.”

हे वाक्य मलाच लागलं. रंध्याचा आवाज थांबला.

“मास्तर,” कडूबा हळूच म्हणाला, “पोरीले लायकीचं बोलू नका. ते म्हनते सारख्या, तं सारख्याच हायेत. मीनं कापल्या त्या. थांबा, मापून दावतो.”

त्यानं दोरी घेतली. डाव्या नळीवर ताणली, वरच्या टोकाशी चिमटीत धरून गाठ मारली आणि उजवीवर नेली. गाठ दोन बोटं अलीकडंच राहिली. त्यानं पुन्हा लावली. पुन्हा दोन बोटं. तिसऱ्यांदा त्यानं दोरी सोडून दिली आणि उरलेल्या बांबूवरून नुसता अंगठा फिरवला. मी रिकाम्या कपात बघत बसलो.

“बा, मी चुकली,” कोकिळा म्हणाली.

“तू नाही चुकली.” तो तिथंच भुशात खाली बसला. “मास्तर, तुमाले नाटक जमत नाही. पयले तुमी लय गोड बोलले.” मग लेकीकडं वळून म्हणाला, “कधीपासून ठाऊक हाय तुले?”

“मिरगापासून.”

“मलेबी तवापासूनच.”

ती बघतच राहिली. “मंग मनकर्णामावशीवर काऊन ढकललं?”

“ढकललं खरं. आज जाऊन पाय धरतो तिचे.” तो दोरीची गाठ सोडवत होता, ती त्याला दिसत नव्हती म्हणून सुटत नव्हती. “बाजूच्या नळ्याले दोरी लावली असती तं डोया गेला हे तुले समजलं असतं, अन् दुसऱ्या दिवशी शाळा सोडून तू माया जवळ बसली असती. तुले मी वयखत नाही काय? म्हनलं, मार्चपावतर कसंबी रेटाव. तुयी मॅट्रिक होऊ द्याव.”

कोकिळा त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून रडली. मलाही रडू आलं. चष्मा पुसायचं निमित्त मी केलं, पण तो चांगला स्वच्छ होता. चार महिने ही दोघं एकाच चुलीपाशी जेवत होती आणि एकच गोष्ट एकमेकांपासून जिवापाड लपवत होती.

मग तिनं त्याच्या हातातून दोरी घेतली, गाठ सोडवली.

“शाळा सोडत नाही. पन रोज सकायी माप मी घेईन.”

“शाळेच्या घंटेआंधी अर्धा तास उठाचं इथून. वेनी घालून, नीट जाचं.”

“हाव.”

“मास्तर, तुमी आयकलं. हे उशिरा आली तं खरंच रागवा.”

मी मान हलवली.

कडूबानं उजवी नळी चाड्यातून उपसून काढली, पायाखाली दाबून धरली आणि करवत घेतली. सवयीनं त्यानं एक डोळा मिटला. मग तो उघडला आणि करवत बांबूवर टेकवून थांबला.

“इथं?”

“जराशी अलीकडं.”

“इथं?”

कोकिळानं त्याचं मनगट धरून करवत बोटभर सरकवली.

“हाव बा,” ती म्हणाली. “आता काप.”