बैलजोडीचं पार्सल

“पप्पा, चमचा वाजवू नका ना. रेकॉर्डिंग चालू आहे.”

समाधानने पोह्यांची बशी मांडीवर तशीच ठेवली आणि चमचा हातात धरून तो बसून राहिला. पहिली पाळी करून तो नुकताच चाकणहून आला होता. समोर खिडकीच्या उजेडात त्याची सतरा वर्षांची लेक तनुजा लोकरीचा एक बैल मोबाइलपुढे हळूहळू फिरवत होती. शेजारी तिची आई कस्तुरा दुसऱ्या बैलाच्या शिंगांना लाल गोंडे शिवत होती. थेरगावातल्या त्या दोन खोल्यांपैकी बाहेरची आता दुकान झाली होती आणि आतली गोदाम. समाधान दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर बसत असे.

तनुजाला विणकामाचा नाद लागला दहावीच्या सुट्टीत. आधी ससे झाले, मग अस्वलं झाली. मग तिच्या वर्गातल्या साक्षीने आपल्या घरच्या शर्यतीच्या बैलांचा फोटो आणून दिला आणि तनुजाने ती जोडी हुबेहूब विणली. साक्षीच्या वडिलांनी ती जीपच्या आरशाला लटकवली. शर्यतीला जमलेल्या लोकांनी विचारलं, कुठून आणली राव, आणि तिथून जे सुरू झालं ते थांबायलाच तयार नव्हतं. या पट्ट्यातली जुनी घरं पोरांच्या फोटोपेक्षा बैलांचे फोटो जास्त जपतात. कपाळावरचा ठिपका, शिंगांचा बाक, पाठीवरची सावळी झाक, सगळं जसंच्या तसं हवं असतं त्यांना. इन्स्टाग्रामवर ‘खिल्लार कट्टा’ नाव झळकलं आणि बारावीतली ही पोर बघता बघता दुकानदारीण झाली.

समाधानला तिचा अभिमान होता. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारा रोहिदास रोज चिडवायचा, “समाधानभाऊ, नोकरी सोडा आता. लेकीच्या जिवावर बसून खा.” बस हसायची, समाधानही हसायचा. पण घरात तीन माणसं असून बोलणं दोघींचंच चालायचं. करड्या लोकरीचं काय झालं, नाशिकवाल्यांनी पत्ता पाठवला का, परवाचा व्हिडिओ किती जणांनी पाहिला. त्याने मध्येच काही विचारलं तर उत्तर येईपर्यंत फोन वाजायचा आणि उत्तर तिथेच राहायचं. कंपनीत काय घडलं ते सांगणं त्याने हळूहळू सोडून दिलं होतं. त्याला एकटं वाटायचं. बायको-लेकीसमोर बसून माणसाला एकटं वाटतं, हे सांगावं तरी कुणाला? सांगितलं तर लोक म्हणणार, सुख टोचतंय याला.

त्याला त्या दुकानातले पैसे नको होते. त्या दोघींच्या बैठकीत आपल्यालाही एखादं काम असावं, एवढंच त्याला वाटायचं.

पोळ्याच्या आधी ऑर्डरींचा पाऊस पडला आणि दोघींच्या नाकी नऊ आले. समाधानने संधी साधली.

“पॅकिंग मी करतो की, तनू.”

“तुम्ही?”

“मग? सगळा जन्म कशात गेला माझा? माझ्या हातची पेटी जर्मनीला जाती, जर्मनीला.”

ते खरं होतं. कंपनीत तो डिस्पॅचला होता. गिअरबॉक्सचे दांडे तेलकट कागदात गुंडाळायचे, पेटीत आवळायचे, पट्टी मारायची, हे त्याचं काम. तनुजाने आईकडे पाहिलं. कस्तुरा म्हणाली, “करू दे की गं त्यांना. हातपाय हालवायला काय झालं?”

गुरुवारी त्याची सुट्टी असे. सकाळीच भोसरीला जाऊन त्याने जाड खोकी आणली, हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक आणलं, आवळायची पट्टी आणि ती कसायचं यंत्रही आणलं. दिवसभर तिघं एका सतरंजीवर बसली. तनुजाने बैल द्यायचे, कस्तुराने नाव-पत्ता वाचायचा आणि समाधानने खोकं बंद करायचं. एक खोकं तर त्याने डोक्याच्या वर धरून फरशीवर सोडूनच दिलं. कस्तुरा किंचाळली.

“उघडून बघ,” तो म्हणाला. “गोंडासुद्धा हालला नसल.”

“नको पप्पा, तुम्ही म्हणताय तर नसेलच,” असं म्हणून तनुजा इतकी हसली, की तिला उचकी लागली. त्याने उठून तिला पाणी आणून दिलं. त्या दिवशी जेवताना त्याने कंपनीतल्या दोन गोष्टी सांगितल्या आणि दोघींनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या.

पुढच्याच आठवड्यात चाकणजवळच्या स्वरूपा नावाच्या एका ताईंनी व्हिडिओ टाकला. नवऱ्याच्या वाढदिवसाला त्यांनी बैलजोडी मागवली होती. केक कापून झाला, टाळ्या झाल्या, आणि मग घरादाराच्या साक्षीने खोकं उघडायला घेतलं. ते उघडेना. आधी सुरी झाली, मग विळी, मग सासरे आतून कोयता घेऊन आले. “आरं, बैल हाय का तिजोरी हाय?” असं ते म्हणाले आणि सगळं घर खो खो हसलं. शेवटी पट्टी तुटली, पण कोयता आत गेला आणि एका बैलाचं शिंग उडालं. स्वरूपाताईंना राग आला नव्हता, त्या स्वतःही हसतच होत्या. पण तो व्हिडिओ गावोगाव फिरला. मागोमाग आणखी लोकांनी आपापल्या न उघडणाऱ्या खोक्यांचे फोटो टाकले.

तनुजा रागावली असती तर समाधानला बरं वाटलं असतं. ती त्याच्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसली.

“पप्पा, लोकांना उघडायचीच मजा असते. रिबीन ओढली की सुटलं पाहिजे. उघडताना ते व्हिडिओ काढतात ना.”

“मला वाटलं, माल धड पोचला पाहिजे.”

“पोचला ना. तुम्ही खूप भारी केलं होतं. पण आता आम्ही दोघी करतो. तुम्ही पाळी करून दमता, आराम करा.”

तिने ते अशा मायेने सांगितलं, की त्याला नाही म्हणायला जागाच उरली नाही. यंत्र आणि पट्टी माळ्यावर गेली.

पण पार्सलं कुरिअरच्या ऑफिसात कुणीतरी न्यायलाच लागायची. समाधानने ते काम न विचारताच घेतलं. रोज स्कूटरला पोती बांधून तो डांगे चौकात जायचा. एक पार्सल तो मुद्दाम हातात ठेवून शेवटी द्यायचा, म्हणजे काउंटरवरच्या पिंटूशी दोन शब्द बोलता यायचे.

“आज सांगली हाय बरं का. आणि एक पार बेळगावला.”

“मॅडमचं जोरात आहे काका,” पिंटू म्हणायचा. “तुम्ही त्यांच्याकडेच कामाला का?”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा समाधान थबकला होता. मग म्हणाला, “हो.” त्याला ते आवडलं होतं. घरी येऊन तो सांगायचा, सगळं गेलं बरं का, आणि तनुजा मोबाइलमधून मान वर करून अंगठा दाखवायची. दिवसभरातला तेवढा अंगठा त्याला पुरायचा.

एका शनिवारी पिंटूने पार्सलं मोजून घेतली आणि म्हणाला, “काका, सोमवारपासून तुमची चक्कर वाचली. मॅडमनी ॲपवर पिकअप लावलाय. आमचा माणूस घरी येईल.”

घरी तनुजा वाटच पाहत होती. “पप्पा, कळलं का? सरप्राइज! आता ट्रॅफिकमध्ये जायला नको, काही नको. मी आईला म्हटलं, पप्पांची दगदग आधी थांबवायची.”

“बरं केलंस,” तो म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता, की दुसरं काही बोलणं म्हणजे पाप झालं असतं. तो हात धुवायला आत गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

सोमवारी त्याची दुसरी पाळी होती. डबा भरून तयार होता, बसला अवकाश होता. पिकअपचा माणूस आला, त्याने एक पोतं खांद्यावर घेतलं, तेवढ्यात दुसरं समाधानने उचललं.

“राहू द्या काका, मी येतो परत.”

“तिसरा मजला हाय. दोन खेपा कशाला उगं?”

जिन्यावर तो सारखा बोलत होता. पाऊस असला तर झाकून ने. वर जड काही ठेवू नको. साताऱ्याचं त्यात एक घाईचं हाय, तिथं कार्यक्रम हाय त्यांचा. तो माणूस हूं हूं करत होता. खाली येऊन त्याने आपलं पोतं मोटरसायकलवर बांधलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

“द्या काका. इथनं पुढं माझं काम.”

“हो, हो,” समाधान म्हणाला, पण पोतं काही त्याच्या हातून सुटलं नाही. माणसाने जरासं ओढलं, तेव्हा त्याने बोटं सैल केली.

मोटरसायकल वळणाआड गेली. वर खिडकीत तनुजा आली. “पप्पा, दिलं ना सगळं?”

“दिलं गं.”

ती आत वळली आणि लगेच दोघींचं बोलणं सुरू झालेलं खाली ऐकू आलं. वर जाऊन डबा घ्यायचा होता. समाधान जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला.