पाच सह्या

"किती जणी आहात तुम्ही?" टेबलाशी थांबलेल्या मुलीनं विचारलं.

"सध्या?" लुआ म्हणाली. "सध्या मी."

मुलगी हसली. मग लुआ हसत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं हातातलं पत्रक हळूच टेबलावर परत ठेवलं. "बाकीच्या जेवायला गेल्यात का?"

"नाही. बाकीच्या पास झाल्या."

"अच्छा," मुलगी म्हणाली, आणि शेजारच्या घोडेस्वारीवाल्यांच्या टेबलाकडे वळली. तिथं बावीस जण एकसारखे शर्ट घालून ओरडत होते.

ऑगस्टचं ऊन डोक्यावर आलं होतं. नव्या मुलांसाठी दर वर्षी मैदानावर सगळ्या क्लबांची टेबलं मांडतात. लुआनं सकाळी सात वाजता एकटीनं टेबल उचलून आणलं होतं आणि त्यावर जांभळं कापड अंथरून लाकडी ग्रीक अक्षरं उभी केली होती: थीटा ऱ्हो. आशियाई मुलींची सोरोरिटी. एकमेकींना बहीण म्हणायचं, रविवारी जमायचं, सणवार मिळून करायचे, असं ते मंडळ. अध्यक्ष लुआ, चिटणीस लुआ, खजिनदारही लुआच. वारा सुटला की 'ऱ्हो' पडायचा. दिवसभरात तिनं तो अकरा वेळा उभा केला.

तीन वर्षांपूर्वी ती व्हिएतनाममधल्या सा देकहून अमेरिकेत, नेब्रास्कात आली तेव्हा तिला इंग्रजी वाचता येत होतं, बोलता येत नव्हतं. घरी फुलझाडांच्या रोपांचा धंदा. आईवडिलांचं हे एकच अपत्य. पहिले दोन महिने ती खानावळीत भिंतीकडे तोंड करून जेवली, म्हणजे समोरची रिकामी खुर्ची दिसत नसे. एके दिवशी पिवळं जाकीट घातलेली एक मुलगी ताट घेऊन आली आणि सरळ तिच्या शेजारी बसली. "एकटी का जेवतेस गं? मी जॉसलिन. जॉसलिन दोआन. माझ्या आईचं गाव 'मी थो' नावाचं, तुमच्या बाजूलाच." तिचं व्हिएतनामी मोडकंतोडकं, टेक्ससमध्ये वाढलेल्या पोरीचं. पण दोन महिन्यांत कुणी लुआशी तिच्या भाषेत बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. त्या दिवसापासून लुआ तिला ताई म्हणू लागली. महिन्याभरात मंडळात गेली. पुढच्या वर्षी तर त्या नऊ जणी झाल्या.

खरं सांगायचं तर त्या नऊ जणींतही ती पुष्कळदा एकटीच असे. बाकीच्या बहुतेक इथंच जन्मलेल्या. लहानपणीच्या कार्टूनवरून, शाळेतल्या नाचावरून त्या हसायच्या आणि लुआ अर्ध्या सेकंदानं मागाहून हसायची. पण पहिल्याच हिवाळ्यात तिचं अपेंडिक्स काढावं लागलं तेव्हा दवाखान्यात 'नातेवाईक' या रकान्यापुढे जॉसलिननं 'बहीण' असं लिहून सही केली आणि दोन दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिली. लुआसाठी मंडळ म्हणजे ती खुर्ची होती.

मग एकेक गेली. मोठ्या चौघी पास झाल्या. धाकट्यांतल्या दोघींनी विद्यापीठ बदललं, एक मनिलाला परत गेली, एक नुसतीच येईनाशी झाली. आता मंडळाच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं, गोड शब्दांत. एक ऑक्टोबरपर्यंत पाच सभासदांच्या सह्या आल्या नाहीत तर शाखा बंद करावी लागेल.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लुआनं माहितीची सभा ठेवली. सकाळपासून तांदळाच्या पातळ पापड्या भिजवून त्यात कोळंबी, शेवया, पुदिना भरून साठ गुंडाळ्या केल्या. तिघी आल्या. दोघींनी खाल्लं, छान म्हणाल्या, वर्ग आहे म्हणून गेल्या. तिसरी मात्र राहिली. मंगोलियाची नोमिन, पहिल्या वर्षाची, दणकट बांध्याची, खणखणीत आवाजाची.

"हे एवढं सगळं कोण खाणार, ताई?" तिनं विचारलं.

"तू."

"मग डबा दे. नुसतं बघत काय बसलीस?"

लुआ कित्येक दिवसांनी मोकळं हसली. नोमिनच्या वसतिगृहाच्या खोलीत तीन जणी होत्या आणि तिघीही कानात इअरफोन घालून बसायच्या. "मला ती अक्षरंबिक्षरं काही कळत नाहीत," नोमिन म्हणाली. "पण तू एकटी आहेस, मी एकटी आहे. दोन झाल्या की नाही? तीनच तर हव्यात."

नोमिन कामाला लागली. दारं ठोठावली, कपडे धुवायच्या खोलीत मुली गाठल्या. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी तिनं लुआपुढे कागद नाचवला. चार सह्या! तिची आणि आणखी तिघींची.

"पाचवी तू. कर सही. काय म्हणतेस आता?"

लुआनं कागद हातात घेतला. तिनं तिन्ही नावं दोनदा वाचली. "ह्यांना भेटायला हवं. रविवारी बोलावू या का सगळ्यांना?"

"बोलावू की," नोमिन म्हणाली, पण नजर न मिळवता.

रविवारी कुणी आलं नाही. सोमवारी ग्रंथालयाच्या जिन्यात लुआनं त्यातल्या एकीला, कॅलिस्ताला, गाठलं. ती घाईत होती. "हो हो, नोमिन बोलली होती. फक्त सही ना? यायबियायचं नाही ना? कारण मला खरंच वेळ नाही हां." आणि जिना चढता चढता वळून म्हणाली, "तुमचं ते जे काय आहे ना, त्याला शुभेच्छा!"

संध्याकाळी लुआनं ह्यूस्टनला फोन लावला. जॉसलिन आता तिथं औषधांच्या दुकानात नोकरीला होती, लग्न ठरलं होतं. मागून गाड्यांचा आवाज येत होता.

"अगं, लुआ! किती दिवसांनी! बोल, बोल, गाडीत आहे मी."

लुआनं सगळं सांगितलं. सह्या, कॅलिस्ता, उद्याची तारीख.

"मग पाठवून टाक ना. कोण बघायला येतंय?"

"पण ताई, त्या येणारच नाहीत."

"येतील गं नंतर. नाहीतर नाही येणार. आमच्या वेळी काय वेगळं होतं? आम्ही चौघी उरलो होतो, पाचवी मिळेना. शेवटी तुला खानावळीतून धरून आणली की नाही!" जॉसलिन हसली. "आठवतं? भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. आमच्यातली ग्रेस म्हणाली, ती बघ, ती नाही म्हणायची नाही."

लुआनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे." मग तिनं विचारलं, "आणि दवाखान्यात?"

"दवाखान्यात काय?"

"तू बसली होतीस. दोन दिवस."

"अरे हो, तुझं अपेंडिक्स! काय थंडी होती बाई. मग काय, तुला एकटीला टाकून जाणार होते का? काहीतरीच बोलतेस." पाठीमागे भोंगा वाजला. "ऐक, मी पोचले. नंतर बोलू हं? आणि फार मनाला लावून घेऊ नकोस. कॉलेजातलं असतं ते. मला तर वर्षभरात आठवणसुद्धा आली नाही त्याची."

फोन ठेवल्यावर लुआनं तो सह्यांचा कागद पुढ्यात घेतला. म्हणजे ते पिवळं जाकीट तिच्यासाठी आलं नव्हतं, पाचव्या जागेसाठी आलं होतं. राग यायला हवा होता, पण येईना. आकडा भरायला का होईना, जॉसलिनला ताट उचलून तिच्या शेजारी येऊन बसावं तर लागलं होतं. आणि एकदा बसल्यावर ती उठली नव्हती. इथं तर कुणी बसायलाही येणार नव्हतं. चार नावांच्या जिवावर मंडळ चालू राहील आणि पुढच्या वर्षी आपल्यासारखीच कुणी भाबडी मुलगी बहिणींच्या शोधात दार वाजवील, तेव्हा आत कोण असेल?

तिनं कार्यालयाला तीन ओळींचं पत्र लिहिलं. सभासद पूर्ण झाले नाहीत. शाखा बंद करावी. काय काय परत करायचं ते कळवावं.

नोमिन भडकली. "तीन आठवडे मी दारोदार फिरले! कुणासाठी? तुझ्यासाठी! आणि तू मला न विचारता?"

"त्या येणार नव्हत्या, नोमिन."

"मी येणार होते ना!" नोमिनचा आवाज फाटला. "मी आले होते की नाही? मी कुणीच नाही का?"

 ही गोष्ट लुआच्या खरंच ध्यानात आली नव्हती. पाच मोजता मोजता खरी एक मोजायची राहून गेली होती. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "मंडळ नसलं तरी आपण दोघी..."

"राहू दे," नोमिन म्हणाली. नंतर लुआनं दोन निरोप पाठवले. दोन्ही वाचले गेले, उत्तर आलं नाही.

त्या आठवड्यात आईचं पार्सल आलं. नारळाच्या वड्यांच्या नऊ पुड्या, प्रत्येकीवर दोऱ्याची गाठ. आई दर वर्षी नऊ पाठवायची. गावात सगळ्यांना सांगायची, माझी एकटीच पोर, पण तिकडे तिला बहिणींचं गोकुळ आहे. लुआनं संध्याकाळी फोन केला. तिकडे सकाळ झाली होती. आई होडीतून वाफ्यांना पाणी घालत होती, वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता.

"मिळाल्या का गं वड्या? पोरींना आवडल्या?"

लुआ रोजच्यासारखं 'हो' म्हणणार होती. "मा," ती म्हणाली, "इथं कुणी नाहीये. मी एकटीच आहे. वर्ष झालं."

वल्ह्याचा आवाज थांबला.

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"कसं?"

"पूर्वी तू बोलायला लागलीस की मागून कुणीतरी ओरडायचं, कुणी हसायचं, भांडी वाजायची. गेल्या वर्षापासून तुझ्या मागं काही वाजतच नाही, पोरी."

"मग नऊ पुड्या का पाठवल्यास?"

"तू म्हणायचीस, सगळ्या बऱ्या आहेत. मग कमी कशा पाठवू?" आईनं नाक ओढलं. "आता खा तूच. वड्या टिकतात महिनाभर."

शाखा बंद करायला कार्यालयाकडून मेरिडिथ क्वॉन नावाची बाई आली. शनिवार दुपार. चाळिशीची, नीटनेटकी, चार तास गाडी चालवून आलेली. विद्यार्थी भवनातली दुसऱ्या मजल्यावरची खोली लुआनं तीन ते पाच अशी मागून घेतली होती. जांभळं कापड इस्त्री करून घडी घातलेलं, अक्षरं फडक्यात गुंडाळलेली, सभासदांची जाड वही वर.

"एवढं व्यवस्थित कुणीच देत नाही," मेरिडिथ म्हणाली. अंगातला कोट तिनं काढला नव्हता. "इथं आणि इथं सही कर, झालं. तो विधी असतो शेवटचा, पण तो सगळ्याजणी असल्या तर. दोघींत कसला करायचा? सोडून देऊ."

"किती वेळ लागतो?" लुआनं विचारलं.

"नावं वाचायची असतात. पहिलीपासून. हजर असेल ती ओ देते, नसेल तिच्यासाठी एक श्वास थांबायचं."

"मी वाचते," लुआ म्हणाली.

मेरिडिथनं घड्याळाकडे पाहिलं, मग लुआकडे.

लुआ उभी राहिली आणि वही उघडली. सत्तेचाळीस नावं होती, वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या शाईत. त्यांतल्या बहुतेक जणी तिनं कधी पाहिलेल्याही नव्हत्या. एकेक नाव ती स्पष्ट वाचे, थांबे, श्वास घेई, पुढचं वाचे. आडनावं कोरियन, चिनी, लाओ, फिलिपिनी. एकाही नावाला ती अडखळली नाही, आठवडाभर तिनं त्यांचे उच्चार पाठ केले होते. दहाव्या-बाराव्या नावाशी मेरिडिथ उठली, कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हात पुढे बांधून उभी राहिली.

"जॉसलिन दोआन."

श्वास.

"ग्रेस सिसावत."

श्वास.

त्रेचाळिसावं नाव. "लुआ हुइन्ह," तिनं वाचलं. वहीतून मान वर केली. "हजर."

मग खाली पाहून तिनं उरलेली चार नावं वाचली आणि प्रत्येकीसाठी तितकीच थांबली.

सह्या झाल्यावर मेरिडिथनं सगळं सामान एका खोक्यात भरून उचललं. दाराशी ती घुटमळली, काहीतरी बोलावं असं तिला वाटत असावं. "गाडीपर्यंत येतेस?"

"नाही, तुम्ही व्हा पुढं."

खोलीत दहा खुर्च्या होत्या. लुआ त्यांतल्या एकीवर बसली. चार चाळीस झाले होते. दारातून गिटार घेतलेल्या दोघांनी डोकं आत घातलं.

"तुमचं झालंय का? आमची पाचची वेळ आहे, पण खोली रिकामी असेल तर..."

"रिकामी नाहीये," लुआ म्हणाली. "पाचपर्यंत आमची आहे."

"सॉरी, सॉरी," म्हणत ते मागे सरले आणि दार त्यांनी बाहेरून हलकेच लावून घेतलं.